तिघांचे एकमत

इंग्लंडमध्ये असताना एका चहाच्या टेबलावर मी चांगलाच तोंडघशी पडलो होतो, आणि परत येईपर्यंत मला ते कळलेही नव्हते. या प्रवासाचे मूळ तिथे आहे, म्हणून आधी तेवढे सांगून टाकतो.

मी पुण्यात कायदा शिकवतो. पुढचे शिक्षण घ्यायला दोन वर्षे तिकडे होतो, तेव्हा सुटीच्या दिवसांत मला एक नाद लागला होता. लोक किल्ले पाहतात, देवळे पाहतात; मी कोर्टे पाहत असे. विशेषतः ज्यूरी. बारा साधी माणसे, त्यांत एखादा खाटीक, एखादी शिवणकाम करणारी बाई, एखादा शाळामास्तर, खुनाचा खटला ऐकून एका खोलीत जाऊन बसतात, दाराबाहेर पहारा बसतो, आणि बाराही जणांचे एकमत होईपर्यंत ती बाहेर येत नाहीत. मला त्याचे भारी कौतुक. माझा नाद पाहून एका कोर्टातल्या म्हाताऱ्या कारकुनाने मला चहाला बोलावले आणि विचारले, "तुमच्याकडे खेड्यातला माणूस न्यायाला बसतो का हो?" मी ऐटीत म्हणालो, "मुंबईत ज्यूरी असे. पण खेड्यात कुठली!" त्याने सहानुभूतीने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

परत आल्यावर हीच गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत होतो, तर मागच्या बाकावरचा एक वऱ्हाडी विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, माझे आजोबा असेसर होते." मी त्याला 'बसा' म्हणालो, कारण दुसरे काही सुचले नाही.

असेसर हा शब्द मी परीक्षेपुरता वाचलेला होता. जिथे ज्यूरी नव्हती, तिथे सेशन कोर्टात खुनाचा खटला चालला की गावोगावच्या दोन-चार प्रतिष्ठित माणसांना बोलावून जज्जाशेजारी खुर्च्यांवर बसवत. पुरावा संपला की जज्ज एकेकाला भर कोर्टात विचारी, तुमचे मत काय? ते मत लिहून घेतले जाई. ते मानायचे की नाही, ही जज्जाची मर्जी. आता ही पद्धत बंद होऊन दहाएक वर्षे झाली. पण त्या खुर्च्यांवर बसलेली माणसे अजून जिवंत असणार, आपापल्या शेतात, दुकानात असणार, हे माझ्या डोक्यात कधी आलेच नव्हते. विलायतेत कोर्टे पालथी घातली आणि आपल्याच राज्यातले हे काही पाहिले नाही, याची मला मनापासून लाज वाटली. विद्यार्थ्याचे आजोबा वारले होते. त्यांच्या एका दोस्ताचा पत्ता मात्र त्याने दिला, आणि जानेवारीच्या सुटीत मी बुलढाणा जिल्ह्याची वाट धरली.

शेगाव

गाडीतून उतरलो तो स्टेशनवरच कचोरी खाल्ली. आत मुगाचे सारण, वर तळलेली मिरची. पुण्यात याला आम्ही फराळ म्हटले असते. इथे लोक उभ्या उभ्या दोन-दोन खाऊन गाडीत परत चढत होते. मी मिरची चावली आणि पुढची दहा मिनिटे गजानन महाराजांच्या दर्शनाला निघालेल्या गर्दीत डोळे पुसत उभा राहिलो. एका बाईने मला फार भाविक समजून वाट करून दिली.

विद्यार्थ्याच्या आजोबांचे हे दोस्त म्हणजे मोतीरामशेठ; त्यांचे कापडाचे दुकान देवळाच्या रस्त्यावर. पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसलेला, सत्तरीला आलेला गोल चेहऱ्याचा माणूस. मी असेसर हा शब्द उच्चारताच त्यांनी हातातला कापड मोजायचा गज खाली ठेवला आणि गड्याला चहा सांगितला.

"साहेब, तुमी पैले मानूस आहा मले हे इचारनारे," ते म्हणाले. "पाच खेपा बसलो म्या. जज्जसायेबाच्या बाजूले खुर्ची, बरं का! वकील लोक खाली, आमी वर."

मी उत्सुकतेने वही काढली. खटल्यांचे मात्र त्यांना फारसे आठवत नव्हते. बुलढाण्याला कुठे उतरायचो, कोणाकडे जेवायचो, रोडग्यांबरोबर वांग्याची भाजी कशी झाली होती, हे सगळे तोंडपाठ. एकदा पुरावा चालू असताना त्यांचा डोळा लागला आणि जज्जाने टेबलावर पेन्सिल वाजवून जागे केले, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला इंग्लंडमधला असाच एक ज्यूरर आठवला. तोसुद्धा जेवणानंतरच पेंगत होता. दोन देशांच्या न्यायपद्धतींतले पहिले साम्य मी वहीत टिपले.

मी उठू लागलो तेव्हा शेठजी म्हणाले, "पन एक केस नाही इसरलो. बांधावरच्या बाभयीपायी चुलत भावाचा खून. आमी तिघं असेसर होतो. तिघायचं एकमत! असं मिळतं कुठं? जज्जसायेब खूश झाले."

एकमत म्हणताच माझे कान टवकारले. इंग्रजांची बारा माणसे खोलीत कोंडून घेऊन जे मिळवतात, ते वऱ्हाडातल्या तीन माणसांनी कोंडून न घेता, जागच्या जागी बसून मिळवले होते! बाकी दोघे कोण, असे विचारले. एक बापूसाहेब म्हणून बडे जमीनदार होते, ते गेले. दुसरे धामणगाव बढ्याचे नामदेवराव, भाजीपाला पिकवणारे. ते असतील अजून. मी दोन्ही नावे लिहून घेतली आणि माझा प्रवास कुठे जाणार ते ठरून गेले.

बुलढाणा

खामगावहून एस.टी. बोथ्याच्या घाटात तापली. ड्रायव्हरने गाडी उभी केली, कंडक्टर डबा घेऊन पाण्याला गेला, आणि आम्ही सगळे उतरून सागाच्या झाडांखाली बसलो. कोणाची काही तक्रार नव्हती. एका आजीने फडक्यातली भाकर सोडून मलाही अर्धी दिली, वर ठेचा. शेगावच्या मिरचीने मी शहाणा झालो होतो. ठेच्याला नुसता मान दिला.

बुलढाणा पठारावर असल्याने थंडी चांगलीच होती. माझा जुना वर्गमित्र दिनकर इथे वकिली करतो, त्याच्याकडे उतरलो. माझे प्रयोजन ऐकून तो हसत सुटला. "अरे, ती शोभेची माणसं होती रे! जज्जाने विचारायचं, यांनी मान हलवायची आणि जज्जाने स्वतःला हवं ते करायचं. तुझ्या विलायती चष्म्यातून त्यांचे देव करू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कोर्ट पाहिले. तिकडच्या कोर्टात मला पहिल्यांदा खुपले होते ते न्यायाधीशाच्या डोक्यावरचे केसांचे टोप. इथे काळा कोट, घामाची सवय आणि भिंतीवर बंद पडलेले घड्याळ. तिकडे प्रेक्षक वरच्या गॅलरीत मुके बसतात. इथे आरोपीची बायको व्हरांड्यात भाकरी घेऊन बसलेली, आणि मधल्या सुटीत पोलिसाने बेडीतला एक हात सोडून त्या माणसाला नीट जेवू दिले. तो जेवेपर्यंत पोलीस त्याच्याशी कपाशीच्या पिकाबद्दल बोलत होता. इंग्लंडमध्ये आरोपीला बसायला खुर्ची असते, पण असे कोणी त्याच्याशी बोललेले मी पाहिले नाही. कोणते बरे, हे मला ठरवता आले नाही आणि मी तसेच लिहून ठेवले.

असेसरांच्या खुर्च्या शोधल्या. एकीवर टायपिस्ट बसत होता, दुसरीवर दप्तरांचा ढीग होता, तिसरी कुठे गेली कोणास ठाऊक. दिनकरने ओळखीने रेकॉर्डमधून तो जुना निकाल काढून दिला. आरोपीचे नाव संपत. बांधावरच्या बाभळीच्या भांडणात चुलत भाऊ कुऱ्हाडीच्या घावाने मेला. एका बाईने संपतला शेतातून पळताना पाहिले. संपतचे म्हणणे, मी शेतात नव्हतोच, बाजाराला गेलो होतो. जन्मठेप. आणि तीन ओळींत असेसरांची मते: पहिला, गुन्हेगार आहे. दुसरा, मलाही तसेच वाटते. तिसरा, मलाही तसेच वाटते.

"बघ," मी दिनकरला म्हणालो, "एकमत!"

"बघितलं," तो म्हणाला. "आता जेवायला चल. भरीत गार होतंय."

धामणगाव बढे

राजूरचा घाट उतरून खालच्या मुलुखात आले की हवा बदलते, माती काळी होते. धामणगाव मोठे गाव आहे, शेतीचे आणि व्यापाराचे. मी एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्या अंगावर कोट होता आणि हातात कातडी बॅग, आणि ही माझी चूक झाली. हॉटेलात चहा पिताना मी मालकाला सांगितले की जुन्या खुनाच्या खटल्यांची माहिती हवी आहे. चहा संपायच्या आत गावात बातमी झाली, की पुण्याहून साहेब जुन्या केसा उघडायला आला आहे.

एक जण सातबारा घेऊन आला. दुसऱ्याला शेजाऱ्याच्या म्हशीविषयी सांगायचे होते. एक म्हातारा नुसताच येऊन समोर बसला आणि म्हणाला, "मह्यावर अन्याव झाला, पन आता कोनता तो आठवत नाही." मी कायदा शिकवतो, सरकारी माणूस नाही, हे मी परोपरीने सांगितले. ते ऐकून लोक समजूतदारपणे मान हलवत, म्हणजे साहेब गुप्तपणे आला आहे हे त्यांना कळले होते.

याचा परिणाम असा झाला, की नामदेवरावांच्या मळ्यात पोचलो तेव्हा ते मोटेवरून उतरले, मला नीट न्याहाळले आणि म्हणाले, "असेसर? मी नाही बावा. दुसरा नामदेव असंल."

साठीच्या पुढचा, उंच, काटक माणूस. खोटे बोलायची अजिबात सवय नसलेला. बोलताना नजर मेथीच्या वाफ्याकडे. मी काही न बोलता बांधावर बसलो. अनोळखी माणूस दुपारच्या वेळी बांधावर बसला तर त्याला उपाशी जाऊ द्यायचे नाही, हा इथला रिवाज माझ्या मदतीला आला. त्यांच्या सूनबाईंनी ज्वारीची भाकर, झुणका आणि शेतातली कोवळी वांगी भाजून आणली. जेवताना मी इंग्लंडच्या गमती सांगितल्या. तिकडे कुऱ्हाडीला आपल्याकडे असतो तसा सरळ दांडा नसतो, वाकडा असतो, हे ऐकून त्यांना पहिल्यांदा माझ्यात गोडी वाटली.

"तुमी सरकारी नाही?" त्यांनी विचारले.

"मास्तर आहे."

"मंग हाव," ते म्हणाले. "मीच तो. एकच खेप बसलो. पुन्ना बोलावलं तं दुखन्याचं कारन सांगतलं."

मी त्यांच्या एकमताची स्तुती केली. ते खाली पाहून भाकर मोडू लागले. मला वाटले, संकोची माणूस आहे. याला बोलते करायचे तर आपणच काही गंमत सांगावी. आणि मी जर्मनीची गोष्ट काढली.

परतीच्या वाटेवर मी तीन आठवडे जर्मनीत होतो. तिथेही साधी माणसे न्यायाला बसतात, पण थेट न्यायाधीशांच्या रांगेत, आणि त्यांचे मत न्यायाधीशाच्या मताइतकेच मोजले जाते. मत देताना एक नियम असतो: साध्या माणसांनी आधी बोलायचे, न्यायाधीशांनी नंतर; आणि साध्या माणसांतही जो वयाने सगळ्यांत लहान, त्याने सगळ्यांत आधी. हा नियम मला तिथल्या एका न्यायाधीशाने जेवताना सांगितला, तेव्हा मी हसलो होतो. शाळेत मुलांना उंचीप्रमाणे उभे करतात तसला काहीतरी शिस्तीचा प्रकार वाटला होता. नामदेवरावांना मी तो तशाच हसत्या सुरात सांगितला.

त्यांचा घास हातातच राहिला.

"ल्हान्यानं आधी?" त्यांनी विचारले.

"हो. कायद्यातच लिहिलं आहे."

"काऊन?"

"म्हणजे, मोठा आधी बोलला तर लहान त्याच्याच मागे जाईल, म्हणून."

त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिकडल्या लोकायले हे कसं मालूम झालं? आमच्या धामनगावातलं त्यायले कोनं सांगतलं?"

मग त्यांनी सांगितले. पहिल्याने तुटक, आणि पुढे न थांबता.

त्या वेळी ते पंचेचाळिशीचे. बापूसाहेब त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे, बारा गावांत मान असलेले. खटल्याला बुलढाण्याला जायचे तर एस.टी. कुठली, बापूसाहेबांनी आपल्या दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, शेजारी बसवून नेले, आपल्या बिछान्यालगत झोपायला जागा दिली, आपल्या ताटालगत ताट मांडले. तीन दिवस खटला चालला. तीनही दिवस नामदेवराव संपतच्या डाव्या हाताकडे पाहत होते.

"तळव्यावर आडवा घाव होता," ते म्हणाले आणि आपला तळवा माझ्यापुढे धरला. "डाक्तर बोलला, पडल्यानं लागलं असंल. म्या जन्मभर कुऱ्हाड वापरली, साहेब. कोनी आपल्यावर कुऱ्हाड उगारली अन् आपुन पातं धरलं, तं असा घाव होते. दुसऱ्यानं नाही होत. म्या मनात पक्कं केलं होतं. त्या मेलेल्यानंच आधी उगारली होती. गुन्हेगार नाही, असं सांगाचं."

"मग?"

"जज्जानं पैले बापूसायेबाले इचारलं. ते उठले अन् म्हनाले, गुन्हेगार आहे. मंग मले इचारलं." ते थांबले. "त्यायच्या दमनीत आलो होतो. रात्री त्यायच्याच संगं जेवाचं होतं. भर कचेरीत, शंभर लोकायपुढं, बापूसायेब चुकले असं मी सांगू? मह्या बापानं तसं शिकवलंच नव्हतं मले. मी म्हनलं, मलेही तसंच वाटते. मंग शेगावच्या शेठजीनं मह्याकडं पाह्यलं, अन् थेही तेच बोलले."

म्हणजे तिघांचे एकमत नव्हतेच. एका माणसाचे मत होते, तीन वेळा लिहिलेले. मी बुलढाण्यात त्या तीन ओळी बोट ठेवून दिनकरला दाखवल्या होत्या, ते आठवून मला कानकोंडे झाले. आणि जो नियम गंमत म्हणून सांगितला, तो याच माणसासाठी केलेला होता. हे मला जर्मनीत कळले नव्हते, धामणगावच्या बांधावर कळले. इंग्लंडच्या बंद खोलीचाही अर्थ मला तेव्हाच नीट लागला. आत कोण कोणाविरुद्ध बोलले ते बाहेर कळू नये, म्हणून ते दार बंद असते.

मी समजूत घालायचा प्रयत्न केला. म्हणालो, "असेसरचं मत जज्जावर बंधनकारक नव्हतंच. तुम्ही उलट बोलला असता तरी जन्मठेप झाली असती."

"जज्जाचं जज्जापाशी," नामदेवराव म्हणाले. "मले इचारलं होतं ना?"



संपत चौदा वर्षे जेलात होता. दोन वर्षांपूर्वी सुटून आला आहे, इथून चार कोसांवर त्याचे खेडे. तिथला आठवडी बाजार नामदेवरावांच्या भाजीचा जुना बाजार. दोन वर्षांत ते तिथे एकदाही गेले नाहीत. वांगी उलट्या दिशेला दुप्पट अंतरावर नेतात. मुलगा विचारतो काऊन, तर रस्ता खराब आहे म्हणतात.

उठताना त्यांनी हात धुतला, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि मला म्हणाले, "उद्या बैलगाडी जुपतो. तुमी संग या. मह्या एकट्याच्यानं जानं होत नाही."

मी माहिती गोळा करायला आलो होतो. दुसऱ्याच्या आयुष्यात असा हात घालायची माझी तयारी नव्हती, आणि मला भीती वाटत होती. पण तो नियम मीच सांगितला होता. मी येतो म्हणालो.

एक खेडे

या खेड्याचे नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना त्याचा उपयोग नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही.

सकाळी निघालो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा, हरभऱ्याच्या शेतात घाटे लागलेले. एरवी मी प्रत्येक झाडाचे नाव विचारत सुटलो असतो. नामदेवराव वाटेत एकदाच बोलले. "त्यानं दार लावलं तं?" मी म्हणालो, "तर परत येऊ." त्यांनी मान हलवली, पण समाधान झालेले दिसले नाही.

गाडी थांबली ते घर गल्लीच्या टोकाला होते. गल्लीत बायका बोलत उभ्या होत्या, पोरे खेळत होती, आणि त्या घराच्या अंगणाशी येऊन हे सगळे थांबत होते. अंगण स्वच्छ सारवलेले, पण कोणी येऊन बसल्याची काही खूण नाही. नंतर कळले, की संपत सुटून आल्यापासून गावातले कोणी त्या अंगणात बसलेले नाही. त्याच्या बायकोला विहिरीवर सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर जावे लागते. इंग्रजांच्या देशात शिक्षा संपली की निदान कागदावर तरी संपते. आपल्याकडे ती संपली असे कोणी सांगत नाही.

संपत मागावर सतरंजी विणत होता. जेलात शिकलेले काम. पन्नाशीचा, केस पांढरे, मान खाली. आम्ही अंगणात आलो तेव्हा त्याने आधी माझ्या कोटाकडे पाहिले आणि उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना सरळ. ती सवयही तिकडचीच असावी. मला ते पाहवले नाही. मी पटकन खाली बसलो.

"म्या नामदेव," नामदेवराव म्हणाले. "धामनगावचा. तुह्या केसीत..."

"ओयखलं," संपत म्हणाला. "मदल्या खुर्चीवरचे."

त्याने घोंगडी अंथरली. नामदेवराव बसले नाहीत. उभ्यानेच बोलले. म्हणाले, "त्या दिवशी म्या बोललो ते मह्या मनातलं नव्हतं. मह्या मनात होतं, का तू खून केला नाही. म्या सांगतलं नाही. सोळा वर्सं मले हे डाचते. बस, एवढंच सांगाचं होतं."

संपत हातातल्या सुताचा दोरा बोटाला गुंडाळत राहिला.

"मारलं तं म्याच," तो म्हणाला.

नामदेवरावांचा चेहरा उतरला.

"बाजारात नव्हतो मी. वकील बोलला, बाजारात होतो असं सांग, सुटशील. म्या सांगतलं." त्याचा आवाज अगदी सपाट होता. "बाभूय मी तोडून राह्यलो होतो. तो आला, कुऱ्हाड घेऊन. उगारली. म्या धरली, हिसकली, अन् मारली. राग होता. नाही मारली असती तं त्यानं मले मारलं असतं. पन हे म्या कोनाले सांगतलंच नाही. म्याच खोटं बोललो, तं तुमी खरं कुठून आनसाल?"

"मले मालूम होतं," नामदेवराव म्हणाले. "त्यानं आधी उगारली ते. तुह्या डाव्या हाताचा घाव पाह्यला होता म्या. तीन दिवस पाह्यला."

संपतने डावा हात उघडला. तळव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरी रेघ होती. तो तिच्याकडे असा पाहत राहिला, की मला तिथून उठून जावेसे वाटले.

"मले वाटे, कोनीच नाही पाह्यला," तो म्हणाला. मग दाराकडे तोंड करून त्याने हाक मारली. "अवं, भायेर ये. यायनं पाह्यला होता."

त्याची बायको बाहेर आली. बारीक, वाळलेली बाई, डोक्यावर पदर. ती दाराआडून सगळे ऐकत होती हे उघड होते, कारण काही न विचारता ती सरळ नामदेवरावांपुढे येऊन उभी राहिली.

"पाह्यला होता, मंग बोलले काऊन नाही?"

नामदेवरावांनी मान खाली घातली. वयाने ती त्यांना मुलीसारखी. "बापूसायेब मह्या आधी बोलले होते, माय," ते म्हणाले. याहून चांगले उत्तर त्यांनी शोधले नाही, आणि मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला.

ती तशीच उभी राहिली. साहेब आला आहे ही बातमी इथेही पोचली होती; गल्लीत अंगणाच्या कडेला आठ-दहा माणसे जमली होती, एक पाऊलही आत न टाकता. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि मग नामदेवरावांकडे.

"आता बोला," ती म्हणाली. "अथी नाही. त्यायच्याकडं तोंड करून. अन् मोठ्यानं."

नामदेवराव वळले. रुमाल काढून हातात घेतला, कोर्टात घेतला असेल तसा. दोनदा त्यांचा आवाज फुटला नाही. मी काही मदत करणार तेवढ्यात संपतने मला हातानेच थांबवले.

"मी धामनगावचा नामदेव," ते गल्लीला म्हणाले. "याच्या केसीत मी असेसर होतो. यानं खून केला नाही. याच्यावर कुऱ्हाड आली होती, यानं जीव वाचवला. हे मले तवाच मालूम होतं."

मग कडेला जमलेल्यांतला एक म्हातारा, काठी टेकत, अंगणात आला आणि घोंगडीवर बसला.